पगारी कारकुनाची वंशावळ

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात सरकारी कचेरीत लेखणी चालवून उपजीविका करणाऱ्या घराण्याचा पूर्ववृत्तांत शोधू लागले असता प्रथम एक विपरीत गोष्ट ध्यानात येते, ती अशी की, ज्या कारकुनाने जन्मभर इतरांच्या जमिनी, वारसे आणि इनामे नोंदवली, त्याच्या स्वतःच्या घराण्याविषयी सरकारी दफ्तर बहुधा मुके असते. उलट त्याचा पणजा पेशवाईत एखाद्या गावचा कुलकर्णी असेल, तर काळाने अधिक दूर असूनही त्याचा माग पुष्कळच सुलभपणे लागतो.

याचे कारण वंशावळ कशासाठी लिहिली जात असे, यात आहे. वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्याच्याशी जोडलेले उत्पन्न, भावाभावांत वाटले जाई व त्यावरून तंटे होत. असा तंटा गावसभेपुढे, म्हणजे गोतापुढे, गेला की वादी आणि प्रतिवादी आपापली पिढी सांगत आणि निवाड्याचा लेख, ज्याला महजर म्हणतात, त्यात ती उतरत असे. इंग्रजी अमदानीत 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांच्या चौकशीचे अधिकार मिळाले, तेव्हा मूळ सनद कोणाला मिळाली आणि आजचा भोगवटादार त्याचा कोण, हे सिद्ध करण्यासाठी घराघरांतून वंशावळी आणि कैफियती, म्हणजे हक्काची लेखी हकिकत, दाखल झाल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात या चौकशीच्या निमित्ताने जमलेले कागद आजही वंशशोधकाचा मोठा आधार आहेत. 1874 च्या वतन कायद्यानेही वारसांच्या नोंदीची गरज कायम ठेवली. पगारी नोकरीला मात्र असा वारसा नव्हता. उमेदवारी, म्हणजे बिनपगारी शिकाऊ काम, करून किंवा परीक्षा देऊन मिळालेली ती जागा बदलीबरोबर गाव सोडी आणि निवृत्तीबरोबर संपे, त्यामुळे सरकारला कारकुनाचा आजा कोण होता हे विचारण्याचे प्रयोजनच उरले नाही. तात्पर्य, जुन्या कागदांतील वंशावळ ही रक्तापेक्षा हक्काची नोंद आहे, आणि हक्क सरला तिथे तीही थांबते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे घराणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे त्यांचा जन्म झाला तेव्हा वडील गोविंदराव तेथील मामलेदार कचेरीत हेड कारकून होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले; आजे अमृतराव इंग्रजी अमदानीत मुलकी खात्यात होते, आणि पणजे भास्करराव सांगलीकर पटवर्धनांच्या पदरी होते. चार पिढ्यांत धनी वारंवार बदलला, म्हणून माग काढणाऱ्यालाही माणसामागे न जाता धन्यामागे जावे लागते: पणज्यासाठी पटवर्धनी कागद, ज्यांतून वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, आज्यासाठी कलेक्टर कचेरीचे मुलकी दफ्तर, वडिलांच्या उत्तरायुष्यासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार. कर्ता पुरुष नामांकित निघाल्याने या घराण्याची हकिकत चरित्रकारांनी जतन केली. त्याच कचेरीत त्याच बैठकीवर बसलेल्या इतर कारकुनांना ते भाग्य लाभले नाही.

त्यांच्यासाठी दफ्तराबाहेरचा एक साठा उरतो, तो तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया अशा क्षेत्री यात्रेकरू गेला की त्याच्या घराण्याचा उपाध्याय वहीत त्याचे गाव, बाप, आजा, भाऊ आणि मुले यांची नावे नोंदवून घेई, आणि लिहिता येणारा यात्रेकरू पुष्कळदा स्वहस्ते सही करी. कारकून लिहिणाराच असल्याने त्याच्या नोंदी नेटक्या असतात, पण बहुधा मोडी लिपीत, आणि ती वाचणारे आता विरळा झाले आहेत. आडनाव, गाव आणि गोत्र अशी तिन्ही माहिती हाताशी असेल तरच ही वही उघडण्यात अर्थ आहे, कारण बदलीच्या गावाऐवजी मूळ गावाने नोंद करण्याची रीत होती.

या सर्व साधनांत एक धोका समान आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रूढीमुळे एका आड एक पिढीत तेच नाव येते, आणि घाईचा संशोधक दोन माणसांचा एक माणूस करून साठ वर्षे गिळून टाकतो. दत्तकामुळे तर एकच मुलगा दोन घरांच्या झाडांवर दिसतो. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये, त्याच्याबरोबर तिथी, हुद्दा किंवा गाव यांपैकी काहीतरी जुळलेच पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत स्थिती आणखी बिकट आहे. हक्काच्या वंशावळीत मुलगी सहसा येत नाही आणि सून कोणाची मुलगी हेही लिहिलेले नसते. शिवाय लग्नात नाव बदलते. माहेरच्या यमुनेचे रमाबाई रानडे झाले हे आज सर्वांना ठाऊक आहे ते 1910 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’मुळे व त्यावर उभ्या राहिलेल्या लेखनामुळे, कोणत्याही दफ्तरामुळे नव्हे. श्राद्धविधीत बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईच्या वडिलांकडील पुरुष यांचाही उच्चार होतो, म्हणून घरच्या पुरोहिताजवळ किंवा जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानावर श्राद्धासाठी टिपलेली नावे सापडली, तर ती इनाम कमिशनच्या मोहोरबंद वंशावळीपेक्षा अधिक बोलकी ठरू शकतात.