सौर प्रकल्पाला जमीन देण्यापूर्वी
(सीमाभागातील शेतकरी कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण)



रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा आपण सगळे एक होतो, कारण तिथे सक्ती दिसते. सौर प्रकल्पासाठी जमीन मागणारा माणूस मात्र गोड बोलत येतो. "मालकी तुमचीच राहील, नुसते भाडे घ्या." उताऱ्यावर पाच भावांची नावे, त्यातले तिघे पुण्याला, गावात राहणारा एकटा कसून थकलेला. अशा घराला हे बोलणे पटते. आम्ही त्याला दोष देत नाही. पण सही करण्यापूर्वी हिशेब मांडावा.

आपल्याच राज्यातले पावगड बघा. तुमकूर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात पाच गावांची सुमारे १३,००० एकर जमीन २८ वर्षांच्या कराराने घेतली गेली. २०१९ अखेर तिथे २,०५० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण झाला. भाडे ठरले एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. जिथे भुईमूगही धड येत नव्हता तिथे ही रक्कम मोठी वाटली, आणि त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने ती होतीही.

आता ५ टक्के दोन वर्षांनी, म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच टक्के. शेवटच्या दोन वर्षांत भाडे होईल सुमारे ३९,६०० रुपये. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर त्या रकमेची किंमत सुरुवातीच्या साडेदहा हजारांइतकी भरते. कागदावर भाडे जवळजवळ दुप्पट, बाजारात निम्मे!

दुसरी बाजूही बघू. एक मेगावॉटला पावगडात सहा एकरांहून थोडी जास्त जमीन लागली. वर्षाला १५-१६ लाख युनिट वीज आणि युनिटला तीन रुपये धरले, तर एकरी सात लाखांहून जास्त रुपयांची वीज निघते. त्यात जमीनमालकाचा वाटा तीन टक्क्यांच्या आत. कंपनीला मेगावॉटमागे कोट्यवधींचे भांडवल घालावे लागते, बँकेचे व्याज असते, हे खरेच. तरीही भाडे थोडे वाढवल्याने प्रकल्प बुडत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

त्याचा पुरावा चंदगडच्या पलीकडे शोधायला नको. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडे जाहीर केले, म्हणजे एकरी ५० हजार, शिवाय मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के वाढ. सूर्य तोच, दर मात्र सीमेवर बदलतो. (सीमेवर काय काय बदलते ते आपल्याला कोणी सांगायला नको.)

ज्याच्या शेतात एकरी चाळीस टन ऊस पडतो किंवा येळ्ळूर-वडगावकडे ज्याच्या शिवारात बासमती येतो, त्याने २१ हजारांकडे बघूही नये. सौंदत्ती-रामदुर्गकडची कोरडवाहू, पड जमीन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सुद्धा रोजाने जाणाऱ्या बायाबापड्यांचा विचार करावा. भाडे उतारेवाल्याला मिळते, खुरपणी करणारीला नाही. पावगडच्या भूमिहीनांची तक्रार हीच आहे.

कराराबद्दल थोडे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणीकृतच हवा. शंभराच्या स्टँपवर सही करू नका. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, सौर प्रकल्पाचे भाडे शेतीचे उत्पन्न नव्हे, तेव्हा कराचा बोजा लक्षात घ्या. कंपनी दुसऱ्याला विकली गेली तर भाडे कोण देणार, हे लिहून घ्या. प्रकल्पासाठी बांध मोडून सगळे सपाट करतात, म्हणून आधी सरकारी मोजणी करून नकाशा जवळ ठेवा. आणि मुदतीनंतर लोखंडी खांब व काँक्रीट कोण उपटून नेणार? आज पन्नाशीचा माणूस तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा असेल. भांडायला नातू जाणार, आणि त्याच्या हातात फक्त तो कागद असेल.

एकेकट्याने बोलणी करू नका. एका शिवारातल्या दहा-बारा खातेदारांनी एकत्र बसून एकच दर मागावा. ज्यांच्याकडे कराराचे मसुदे आले आहेत त्यांनी ते उताऱ्याच्या प्रतीसह पुढच्या बैठकीला आणावेत. आपल्यातले वकील ते मराठीत वाचून दाखवतील. तोवर आगाऊ रक्कम कोणी घेऊ नये.