मैफलींत काय गावें?



गाण्याच्या बैठकीहून घरीं परततांना आपण बुवांच्या तानांविषयीं, बाईंच्या आवाजाविषयीं किंवा तबलजीच्या हाताविषयीं बोलतों. निवडीविषयीं मात्र आपण सहसा बोलत नाहीं. ज्या गवयाच्या संग्रहीं शेंकडों चिजा आहेत, तो तीन तासांच्या बैठकींत जेमतेम पांचसहा गातो. मग त्याच कां, आणि त्याच क्रमानें कां? हा प्रश्न केवळ गवयाच्या घरचा नाहीं. त्याच्या उत्तरांत ऐकणारांचाही वांटा आहे, म्हणून आज त्याचा थोडा विचार करूं.

पहिलें बंधन वेळेचें. उत्तर हिंदुस्थानी संगीतांत रागाला प्रहर नेमून दिलेला आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं ही परंपरा शास्त्रांत बसवितांना वादी स्वराकडे बोट दाखविलें. वादी सप्तकाच्या पूर्वांगांत असेल तर राग दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतचा. उत्तरांगांत असेल तर मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचा. भूप आणि देशकार यांचे पांचही स्वर तेच आहेत. परंतु गांधारावर उभा राहणारा भूप दिवेलागणीनंतरचा आणि धैवतावर उभा राहणारा देशकार सकाळचा. म्हणजे सायंकाळीं तंबोरा हातीं घेणाऱ्या गवयाच्या संग्रहांतील मोठा भाग त्या दिवसापुरता आपोआपच बाजूला पडतो. मल्हाराचे प्रकार तेवढे पावसाळ्यांत कोणत्याही वेळीं चालतात. बसंत-बहारही आपल्या ऋतूंत तीच सवलत घेतात.

उरलेल्यांतून निवड करतांना गवई प्रथम आपल्या गळ्याची चौकशी करतो. प्रवासानें आवाज बसला असेल, तर मंद्र सप्तकांत रमणारा पूरिया त्याला सांभाळून घेतो. त्याच सहा स्वरांची सोहनी तार षड्जाभोंवतीं खेळते. ती गाण्यास वेळ तर उत्तररात्रीची हवीच, पण गळाही मोकळा हवा. मग तंबोऱ्याचा विचार येतो. त्याची पहिली तार बहुधा पंचमांत लावतात. मालकंसांत पंचमच नाहीं, म्हणून ती मध्यमावर उतरवावी लागते. मारवा किंवा पूरिया गावयाचा तर ती पुष्कळदां निषादांत मिळवितात. सारंगी साथीला असेल, तर राग बदलला कीं तरफांच्या ताराही नव्यानें मिळवाव्या लागतात. दर अर्ध्या तासानें ही खुंटीपिळणी सुरू झाली, तर जमलेला रंग उतरतो. म्हणून मध्यमांत लावलेल्या तंबोऱ्यावर बागेश्री झाल्यानंतर मालकंस घेणारा गवई केवळ रात्रीचा क्रम पाळीत नसतो. तो साथीदारांची आणि श्रोत्यांच्या एकाग्रतेचीही काळजी वाहत असतो.

तिसरा विचार शेजारधर्माचा. मारव्यानंतर लगेच पूरिया घेतला, तर दोघांचे चेहरे एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाराच्या कानांत एकाचीही ओळख पक्की राहत नाहीं. यमनानंतर शुद्ध कल्याण घेणेंही तसेंच. जाणता गवई एका रागाच्या स्वरांनीं कान भरले म्हणजे दुसरीकडे वळतो: कल्याणाच्या तीव्र मध्यमानंतर बागेश्रीचा कोमल गांधार किती निराळा लागतो, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. ज्या जलशांत अनेक गवई एकामागून एक बसतात, तेथें तर आधीं काय झालें आणि पुढें काय व्हावयाचें आहे, दोन्हींकडे पाहावें लागतें. आधींच्यानें यमन मांडला असेल तर तो पुन्हां मांडावयाचा नाहीं. आणि मागून बसणाऱ्या वडीलधाऱ्या कलावंताचा म्हणून जो राग प्रसिद्ध आहे, त्याला आपण हात लावावयाचा नाहीं. हा संकेत कोठें लिहिलेला नाहीं, परंतु तो मोडल्याची चर्चा मागें पुष्कळ दिवस चालते.

आतां क्रमाविषयीं. सुरुवातीस एक भरदार, सर्वपरिचित राग. त्यांत विलंबित ख्याल अर्धापाऊण तास, मागाहून द्रुत चीज किंवा तराणा. मध्यंतरापूर्वीं किंवा त्यानंतर एखादा अनवट राग. शेवटीं ठुमरी, नाट्यपद अथवा अभंग, आणि भैरवी झाली म्हणजे बैठक उठली. दक्षिणेंत हा क्रम अधिक नेमका आहे. अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनीं रूढ केलेल्या पद्धतीच्या कचेरींत प्रारंभीं वर्णम्, मध्यें विस्तारानें मांडलेली मुख्य रचना आणि अखेरीस लहान लहान पदें, असा आराखडा असतो. आपल्याकडे कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांनीं ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम एका ऋतूभोंवतीं आधींपासून बांधले, आणि एखाद्या ग्रंथासारखी सलग मैफल रचून दाखविली. परंतु सामान्यतः ख्यालगायक मनांत दोनतीन वाटा ठेवून येतो, आणि कोणत्या वाटेनें जावयाचें तें बैठकीवर बसल्यावर ठरवितो.

तें तो कशावरून ठरवितो? आपल्यावरून. पहिल्या आवर्तनांत समेवर किती माना हलल्या, विलंबित लयींत किती जणांची चुळबुळ सुरू झाली, पुढच्या रांगेंत जाणकार आहेत कीं घड्याळ पाहणारे आहेत, हें सर्व त्याला व्यासपीठावरून दिसतें. अल्लादियाखांसाहेबांच्या (१८५५–१९४६) जयपूर घराण्यांतील अनवट रागांचें भांडार आज आपल्याला परिचित आहे. पण तो राग ऐकून घेणारा समाजही महाराष्ट्रांत उभा राहिला, म्हणून तें टिकलें. केसरबाई केरकर (१८९२–१९७७), मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आणि मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांनीं हे राग मैफलींत मांडले, तेव्हां समोर बसलेल्यांनींही धीर धरला होता.

याच्या उलट टोंकाला फर्माईश आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. त्या तीन मिनिटांनीं गवयाचें नांव घरोघर पोंचविलें, हा तिचा मोठा उपकार. पण तेव्हांपासून श्रोता तेंच गाणें तसेंच ऐकण्यासाठीं येऊं लागला. आज तबकडी गेली आणि खिशांतील यंत्रांत हवें तें गाणें हव्या त्या क्षणीं मिळूं लागलें. तरी चिठ्ठी वर जातेच, आणि ती बहुधा त्याच पांचदहा पदांची असते. गवयाचा पहिला षड्ज स्थिर होण्यापूर्वींच भजनाची चिठ्ठी गेली, तर ‘तुमचें मुख्य गाणें आम्हांला नको’ असेंच आपण त्याला कळविलें. मग तो अनवट राग मनांतल्या मनांत मिटून ठेवतो, आणि दोनचार वर्षें मिटून ठेवलेला राग गळ्यावरून उतरतो.

फर्माइशीइतकेंच कठोर आहे तें घड्याळ. १९५३ सालीं भीमसेन जोशी यांनीं आपले गुरु सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यांत जो महोत्सव सुरू केला, तो एके काळीं रात्ररात्र चाले, आणि पहांटेचे राग पहांटेसच गायिले जात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी झाली. वर्षांतील थोड्या दिवशीं ती मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवून मिळते. शेजारच्या आजाऱ्याला झोंप हवी, तेव्हां नियमाला दोष देतां येत नाहीं. पण परिणाम मोजला पाहिजे. मालकंस आणि दरबारी मध्यरात्र सोडून नऊच्या ठोक्याला आले. सोहनी आणि ललित यांना तर सार्वजनिक बैठकींत जागाच मिळेनाशी झाली. जो राग मैफलींत गातां येत नाहीं, तो शिष्य तरी कोणत्या उमेदीनें घोंटील?

नभोवाणीनें सकाळच्या सभेंत सकाळचेच राग ठेवण्याचा शिरस्ता पाळला, त्यानें कांहीं राखलें. बाकीचें काम आपल्या हातचें आहे. दिवाळीच्या पहांटे आपल्या शहरांतून गाण्याचे कार्यक्रम होतात. ललितची, भटियारची ती खरी वेळ. पण तेथेंही आपण बहुतेक भावगीतेंच मागतों. भावगीतें अवश्य व्हावींत. मात्र त्यांच्या आधीं एक तास एखाद्या तरुण गायिकेला ललित मांडूं द्यावा, असें संयोजकांना सांगणारीं चार घरें प्रत्येक गल्लींत निघालीं, तर पुढच्या वर्षीं तिच्या मनांतील यादींत ललित वरच्या स्थानीं असेल. बंद सभागृहांतील सकाळच्या बैठकींना रविवारची झोंप थोडी मोडून जावें, तेथें तोडी आणि सारंग ऐकावयास मिळतात. आणि चिठ्ठी धाडावयाचीच असेल, तर ती मध्यंतरानंतर धाडावी, व तींत पदाचें नांव लिहिण्याऐवजीं ‘आपल्या मनांत असेल तो अनवट राग ऐकवावा’ एवढेंच लिहावें. ती विनंति ऐकून गवयाला काय वाटतें, हें त्याच्या पुढच्या गाण्यावरूनच आपल्याला कळेल.