प्रकाश सोडणारा, वीज नेणारा थर



जुनी इस्त्री ज्यांनी उघडून पाहिली आहे, त्यांना तापणारी तार धरून ठेवणारे अभ्रकाचे पत्रे आठवतील. अभ्रकाचा पापुद्रा काढून उजेडात धरा, पलीकडचे दिसते. पण त्यातून वीज जात नाही. पेन्सिलीच्या शिसातल्या ग्राफाइटचे नेमके उलट आहे. रंग काळा, वीज मात्र सहज वाहते. दोन्ही पदार्थ थरांचेच बनलेले. मग एवढा फरक का?

दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अभ्रकात इलेक्ट्रॉन सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या बंधांत इतके घट्ट अडकलेले असतात की त्यांना सोडवायला एवढी ऊर्जा पुरत नाही. म्हणून फोटॉन शोषला न जाता पुढे निघून जातो. आणि मोकळा इलेक्ट्रॉनच नाही, तर वीज नेणार कोण? म्हणजे अभ्रक ज्या कारणाने पारदर्शक, त्याच कारणाने विद्युतरोधक. तांब्यात मोकळ्या इलेक्ट्रॉनांची दाटी असते. ते वीज नेतात आणि प्रकाश परतवून लावतात. एक गुण हवा तर दुसरा सोडावा लागेल, असेच यावरून वाटते.

आता ग्राफाइटकडे येऊ. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. त्यांपैकी तीन शेजारच्या तीन अणूंशी बंध करतात आणि षटकोनांची सपाट जाळी तयार होते. अणू-अणूंतले अंतर ०.१४२ नॅनोमीटर, बंध अतिशय बळकट. चौथा इलेक्ट्रॉन जाळीच्या वर-खाली पसरतो. तो कुठल्याही एका अणूचा राहत नाही. वीज वाहते ती याच्यामुळे. दोन थरांत मात्र ०.३३५ नॅनोमीटरचे अंतर आणि ओढ क्षीण. म्हणून कागदावर पेन्सिल उमटते, आणि म्हणूनच वीज थराच्या अंगाने जितकी सहज वाहते तितकी आडवी थर ओलांडून वाहत नाही.

२००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत सोलत एकच थर वेगळा केला. हेच ग्राफीन, २०१० चे नोबेल त्यासाठीच मिळाले. त्यांच्या गटाने २००८ मध्ये मोजून दाखवले की एक थर सुमारे २.३ टक्के दृश्य प्रकाश शोषतो. एका अणूच्या जाडीला हे शोषण थोडके नव्हे. हा आकडा म्हणजे पाय गुणिले १/१३७, आणि यातला १/१३७ हा प्रकाश आणि विद्युतभार यांचे नाते ठरवणारा मूलभूत स्थिरांक आहे. मला हे फार विलक्षण वाटते. एक मिलिमीटर ग्राफाइटमध्ये असे जवळपास तीस लाख थर असतात. ग्राफाइट काळे का, ते आता सांगायला नको.

पातळ केले तर सोनेही पारदर्शक होते, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण काचेवर चढवलेला सोन्याचा थर फारच पातळ झाला की त्याची सुटी बेटे होतात आणि विजेची वाट तुटते. ग्राफीनची जाळी एका अणूच्या जाडीतही अखंड राहते. खरे श्रेय पातळपणाचे नाही, त्या तीन बंधांचे आहे.

एका थरात मोकळे इलेक्ट्रॉन मोजकेच, त्यामुळे रोध जास्त. २०१० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेल्या ग्राफीनचे चार थर एकावर एक ठेवले, त्यांवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली आणि सुमारे ९० टक्के पारदर्शकता राखून रोध बराच खाली आणला. तरी फोनच्या पडद्यांत असा पारदर्शक, वीज नेणारा थर म्हणून आजही मुख्यतः इंडियम-टिन ऑक्साइडच वापरतात. ते ठिसूळ आहे आणि इंडियम दुर्मीळ आहे. निर्दोष, मोठे आणि स्वस्त ग्राफीन बनवणे हे काम अजून बाकी आहे. सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांनी ते हाती घ्यावे, ही माझी विनंती.