स्पेक्ट्रिन कुल : स्वागताध्यक्षीय भाषण



अ‍ॅक्टिनच्या तंतूंना धरून पेशीला आकार आणि बळ देणाऱ्या प्रथिनांत स्पेक्ट्रिन कुलाचे स्थान मोठे आहे. अल्फा-अ‍ॅक्टिनिन, स्पेक्ट्रिन आणि डिस्ट्रॉफिन ही त्यातली प्रमुख प्रथिने. त्यांचे मुख्य घटक मोजकेच आहेत : अ‍ॅक्टिनला पकडणारी सीएच डोमेनची जोडी, तीन हेलिक्सांच्या जुडीचा स्पेक्ट्रिन रिपीट आणि ईएफ-हँड.

कुलाचा पूर्वज अल्फा-अ‍ॅक्टिनिनसारखा असावा, असे अमिनो आम्लांच्या क्रमांची तुलना सांगते. सेत्सुरो आणि फुमिको एबाशी यांनी १९६५ मध्ये स्नायूतून वर्णन केलेल्या या प्रथिनात चारच रिपीट असतात. दोन रेणू उलट दिशांनी जुळतात आणि दोन्ही टोकांनी अ‍ॅक्टिन धरतात.

पुढे रिपीट दुणावत गेले आणि लांबलचक स्पेक्ट्रिन घडले. त्यात पूर्वजाचा वारसा अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांत वाटला गेला : सीएच जोडी बीटा साखळीकडे, ईएफ-हँड अल्फाकडे. अल्फाच्या आरंभी रिपीटचा एकच हेलिक्स उरतो, बीटाच्या अखेरीस दोन. दोन्ही भेटले की तीन हेलिक्सांचा रिपीट पुरा होतो आणि चार साखळ्यांचा रेणू उभा राहतो. लाल रक्तपेशीच्या पटलाखालचे जाळे या सांध्यावर टिकून असते. सांधा कच्चा राहिला, तर पेशी लंबगोल होतात.

डिस्ट्रॉफिनमध्ये २४ रिपीट आहेत. त्याच्या जनुकातील बिघाडाने ड्युशेन स्नायुक्षय होतो. मात्र १९९० मध्ये नोंदलेल्या एका रुग्णात प्रथिनाचा ४६ टक्के मधला भाग गळाला होता, तरी एकसष्टाव्या वर्षीही तो चालत होता. दोन्ही टोके शाबूत राहिली, तर मधले बरेच रिपीट वगळता येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. याच तत्त्वावर लघु-डिस्ट्रॉफिन रचले गेले. त्यावर आधारलेल्या जनुकोपचाराला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची परिणामकारकता आणि सुरक्षितता यांचा अभ्यास पुढे चालू राहिला.

कोणता भाग कुठून आला, हे कळले की कोणता भाग अपरिहार्य आहे, हेही कळू लागते. म्हणून रचनेचे व उत्क्रांतीचे अभ्यासक आणि रुग्ण तपासणारे डॉक्टर यांनी या परिषदेत एकमेकांची निरीक्षणे मोकळेपणाने पारखून घ्यावीत, ही विनंती.