आपल्या अंकांची नोंद कोण करणार?

(नगर जिल्ह्यातल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन करून देत आहोत. – संपादक मंडळ)



आजच्या शिबिरात पोटगीवर चर्चा आहे, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर चर्चा आहे. त्यात मी 'नियतकालिकांचे क्रमांक' हा विषय मांडणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आलं. हे ग्रंथपालांचं काम, आपला काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण संबंध आहे, आणि तो थेट आपल्या कामाशी आहे.

आपल्या चळवळीचा इतिहास कुठे लिहिलेला आहे? जाडजूड ग्रंथांत तो फारसा नाही. तो आहे आपल्या अनियतकालिकांत, त्रैमासिकांत, चक्रमुद्रित पत्रिकांत, परिषदांच्या विशेषांकांत. ऐंशीच्या दशकात संगमनेर भागातून परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न संघटितपणे पुढे आला. 'टाकलेली बाई' हा खासगी दुर्दैवाचा विषय नसून सामाजिक प्रश्न आहे, हे तेव्हा मांडलं गेलं. अशा मांडणीचा पहिला मसुदा नेहमी छोट्या अंकात येतो. पुस्तक झालंच तर पुढे वीस-पंचवीस वर्षांनी होतं. आज एखादी विद्यार्थिनी एम.एस.डब्ल्यू.च्या प्रबंधासाठी त्या अंकातला लेख वापरते, तेव्हा तिला विचारलं जातं, "हा अंक कोणता? कुठे मिळतो? त्याची नोंद कुठे आहे?" नोंद नसली की तो लेख संदर्भसूचीतून गळतो. मग पुढची अभ्यासक लिहून मोकळी होते की, ग्रामीण भागात या विषयावर काही लेखन झालेलं दिसत नाही!

हे पूर्वीही घडलेलं आहे. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली लिहिली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात तिची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा आपल्या पिढ्यांना ताराबाई भेटल्या. मध्ये ९३ वर्षं गेली. ताराबाईंचं निदान पुस्तक तरी होतं. चार पानी पत्रिकेचं काय होत असेल, याचा विचार करा.

आणि आपला जिल्हा या बाबतीत दरिद्री नाही. 'ज्ञानोदय' १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने याच नगरमध्ये सुरू केलं. मुकुंदराव पाटलांनी सत्यशोधक विचारांचं 'दीनमित्र' साप्ताहिक १९१० पासून चालवलं. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते छापून निघत होतं आणि अर्धशतकाहून अधिक काळ चाललं. त्याच नावाचं मासिक १८८८ साली गणपतराव पाटलांनी काढलं होतं. म्हणजे 'दीनमित्र' दोन. 'ज्ञानोदय'ही दोन, कारण भारतीय ज्ञानपीठाचं याच नावाचं हिंदी मासिक होतं. नुसतं नाव सांगून काम भागत नाही, ते असं.

यासाठीच आयएसएसएन हा क्रमांक असतो. त्याला मराठीत आपण आंतरराष्ट्रीय प्रमाणित नियतकालिक क्रमांक म्हणू. पुस्तकाला आयएसबीएन असतो, तसा नियतकालिकाला हा. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९७५ साली प्रसिद्ध झालं. मुख्य केंद्र पॅरिसला आहे. आपल्या देशाचं केंद्र दिल्लीत १९८६ पासून आहे. आधी 'इन्सडॉक', २००२ नंतर 'निस्केअर' आणि २०२१ पासून नव्या नावाने, अशा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या संस्थेकडे हे काम राहिलं. क्रमांकासाठी फी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'क्रमांक काढून देतो' म्हणून पैसे मागणारे लोक भेटतात.

क्रमांक आठ अंकी असतो. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आपल्यापैकी काहीजणी वाचतात. त्याच्या छापील आवृत्तीचा क्रमांक आहे ००१२-९९७६. यातला शेवटचा ६ हा पडताळणीचा अंक. कसा, ते फळ्यावर मांडते. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणायचं. इथे ०, ०, ६, १०, ३६, २७, १४ येतात. बेरीज ९३. तिला ११ ने भागलं की बाकी ५ उरते. ११ मधून ५ वजा केले की ६. जुळलं. (उत्तर १० आलं तर तिथे एक्स हे अक्षर लिहितात आणि बाकी शून्य उरली तर शून्य.) लिहून घेताना एक अंक चुकला तर तो इथे पकडला जातो. सातवी शिकलेली कार्यकर्तीही हे तपासू शकते.

आता याच साप्ताहिकावरून आणखी दोन गोष्टी समजून घेऊ. १९४९ साली ते 'इकॉनॉमिक वीकली' होतं, १९६६ पासून सध्याचं नाव आलं. क्रमांकाच्या नियमाप्रमाणे नाव मुळातून बदललं की ते वेगळं नियतकालिक धरतात आणि क्रमांकही वेगळा लागतो. दुसरी गोष्ट, संगणकावरच्या आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक असतो. आपल्यापैकी ज्या संघटना आता छपाई थांबवून अंक फक्त मोबाइलवर पाठवतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. संपादक बदलल्या, पत्ता बदलला, मासिकाचं त्रैमासिक झालं, तर मात्र क्रमांक तोच राहतो. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्यानेही जुना क्रमांक बदलत नाही. फक्त अंकाच्या नावातच 'अहमदनगर' असेल आणि ते बदललं, तर चौकशी करायला हवी.

मग आपल्या अंकांना क्रमांक का नाहीत? कारणं आपल्याला ठाऊक आहेत.

एक म्हणजे, अंक काढणारी बाईच वर्गणी गोळा करते, मुद्रितं तपासते, पत्ते चिकटवते आणि संध्याकाळी पोलीस स्टेशनला कुणाबरोबर तरी जाते. अर्ज करायला ती कधी बसणार?

दुसरं, आपले बरेच अंक 'खासगी वितरणासाठी' म्हणून निघाले. त्यांची सरकारदरबारी नोंद झाली नाही. ही नोंद आणि आयएसएसएन यांत गल्लत करू नका. वृत्तपत्र निबंधकांकडची नोंदणी ही कायद्याची बाब आहे. पूर्वी ती १८६७ च्या कायद्याखाली होती. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू आहे. आयएसएसएन ही ग्रंथालयीन ओळख आहे. त्याने परवानगी मिळत नाही आणि नावावर मालकीहक्कही मिळत नाही.

तिसरं, अंक ग्रंथालयांत पोचले नाहीत. छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवावी, असा १९५४ चा कायदा आहे. तो १९५६ पासून नियतकालिकांनाही लागू झाला. टपालखर्चाचेच वांधे असलेल्या गटांनी ते किती पाळलं, हे आपल्याला माहीत आहे.

चौथं कारण लिपीचं. नोंदी शोधताना नाव बहुतेक वेळा रोमन लिपीत टाकावं लागतं. विद्याताई बाळांनी १९८९ साली सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी'चंच नाव घ्या. त्यातला 'ळ' आणि 'ऱ्या' रोमनमध्ये दहाजणी दहा प्रकारे लिहितील. नोंद असूनही ती सापडत नाही आणि आपण समजतो की नोंदच नाही.

अनुपस्थितीलाही जात-वर्ग असतो. ज्यांच्याकडे कार्यालय आहे, कारकून आहे, इंग्रजीत अर्ज भरणारं माणूस आहे, त्यांची नोंद झाली. ज्यांच्याकडे यांतलं काही नाही, त्यांचे अंक माळ्यावर राहिले. म्हणून ही पोकळी भरणं हे आपलं काम आहे. ते आपल्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. सरकारी संस्थेकडून नंबर घेतला तर आपल्या मजकुरावर कुणाची नजर बसेल का? क्रमांक देताना मजकूर मान्य आहे की अमान्य, हे ठरवलं जात नाही. त्या आठ अंकांत राज्य, विषय, दर्जा असं काहीही दडलेलं नसतं. आणि म्हणूनच उलट बाजूही सांगायला हवी, क्रमांक म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या लेखांना गुण मिळू लागले, तेव्हा केवळ 'आयएसएसएन आहे' या भांडवलावर लेखकांकडून पैसे घेणारी जर्नल्स निघाली. आपण त्या वाटेला जायचं नाही. आपल्याला गुण नकोत. आपला अंक आहे, होता, आणि तो अमुक अंक आहे, एवढं सिद्ध व्हायला हवं.

हे एकट्या-दुकट्या गटाने होणारं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या ग्रंथालयांनासुद्धा ते एकेकट्याने जमलं नाही. १९७० च्या दशकात त्यांनी एकत्र येऊन नियतकालिकांच्या सामाईक नोंदी करायला घेतल्या. एकीने केलेली नोंद दुसरीने तपासायची, तिसरीने पुरी करायची. आपण बचत गटाची वही ठेवतो, तीच ही पद्धत.

आपल्या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्त्या, एक वाचनालयातली व्यक्ती आणि महाविद्यालयातल्या दोन-तीन मुली असा गट करू. सगळ्यांनी एकच तक्ता वापरायचा. त्यात लिहायचं ते असं: अंकाचं नाव जसं छापलं असेल तसं, उपशीर्षक, गाव, प्रकाशक संघटना, पहिला अंक कधीचा, शेवटचा कधीचा, किती काळाने निघतो, मध्ये नाव बदललं का, कोणते अंक कुणाकडे आहेत, आणि छापलेला क्रमांक असल्यास तो. गाव लिहिताना अंकावर 'अहमदनगर' असेल तर तेच लिहायचं. आजचं नाव शेजारी नोंदवायचं. ऐकीव माहिती वेगळ्या रकान्यात ठेवायची. अंक हातात घेऊन पाहिला असेल तरच 'पाहिला' अशी खूण करायची.

मग सगळे तक्ते एकत्र आणून आंतरराष्ट्रीय केंद्राच्या संकेतस्थळावर शोध घ्यायचा. तिथली प्राथमिक माहिती २०१८ पासून विनामूल्य आहे. नाव तीन-चार प्रकारे लिहून पाहायचं, प्रकाशकाच्या नावानेही पाहायचं. ज्यांना क्रमांक आहे तो पडताळून टिपायचा आणि संबंधित संघटनेला कळवायचा. चालू अंक असेल आणि क्रमांक नसेल, तर त्या संघटनेने स्वतः दिल्लीला अर्ज करायचा. तो भरायला आपण मदत करू. बंद पडलेल्या नियतकालिकालाही क्रमांक देता येतो, मानकात त्याची सोय आहे. अशा अंकांसाठी मुखपृष्ठ आणि प्रकाशनाच्या तपशिलाचं पान यांच्या प्रती जोडून एखाद्या ग्रंथालयामार्फत एकत्रित विनंती करू. क्रमांक मिळाला की चालू अंकाच्या मुखपृष्ठावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, प्रत्येक वेळी छापायचा.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळायचं. आपल्या जुन्या अंकांत बायकांनी सांगितलेल्या हकिकती आहेत, काही ठिकाणी खऱ्या नावांनिशी. तेव्हा अंक दोनशे प्रतींचा होता आणि ओळखीच्या हातांत जात होता. त्या बाईने तेवढ्याच विश्वासावर बोलणं केलं होतं. आज तिची सून, तिचा नातू मोबाइलवर काहीही वाचू शकतो. म्हणून या कामात फक्त अंकाची नोंद होईल. आतली पानं छायाचित्रं काढून कुठेही टाकायची नाहीत. अंक आहे हे जगाला कळू दे. तो उघडायचा की नाही, हे ती बाई आणि तिची संघटना ठरवेल.

हे काम रूक्ष आहे, मान्य आहे. यात मोर्चा नाही, घोषणा नाहीत. पण सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याकडे किती खेटे घातले, ते आठवा. कागदावरच्या एका ओळीने काय फरक पडतो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? जमीन बाईच कसत होती, नोंद दुसऱ्याच्या नावाची होती. लेखनाच्या बाबतीतही तसंच होऊ द्यायचं नसेल, तर आपली ओळ आपणच लिहून घेतली पाहिजे.

दुपारच्या सत्रानंतर तक्त्याच्या प्रती वाटणार आहोत. अकोल्यापासून जामखेडपर्यंत प्रत्येक तालुक्याने एक तरी नाव देऊनच इथून निघावं. आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा आपल्याच संघटनेचं कपाट उघडा. पहिला अंक आहे का, ते बघा.