अब्बांची दौत

एका कविसंमेलनानंतर एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "तुमचं मराठी फारच चांगलं आहे हो!" हेतू चांगलाच होता. मी आभार मानले. हातकणंगल्याच्या मराठी शाळेत शिकून मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसानं आणखी काय करायचं? घरी आलो आणि अब्बांची पितळी दौत पुढ्यात घेऊन बसलो.

ही दौत आजोबांनी मोडीच्या भावात आणलेली. गंमत म्हणजे तिच्या बुडाशी अक्षरं आहेत तीही मोडीच! जाणकाराकडून वाचून घेतली, तर निघालं कुठल्याशा गावच्या कुलकर्ण्याचं नाव. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्या वेळी दप्तराबरोबर ही दौतही घराबाहेर पडली असेल का, असं मनात येतं.

दौत हा शब्द अरबी 'दवात'वरून आला. शाई म्हणजे फारसी सियाही, म्हणजे काळेपणा. आपण निळी शाई, लाल शाई म्हणतो तेव्हा निळा काळेपणा, लाल काळेपणा म्हणत असतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही रुळले. पण दौत, शाई, कलम, कागद हे शब्द लोकांनी सोडले नाहीत.

परवा भाच्यानं मोबाइलवर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका दौतीचा फोटो दाखवला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, इराणकडची. पितळेची बुटकी नळकांडी, वर घुमटासारखं झाकण. अंगावर चांदी आणि तांब्याच्या जडावात बारा राशी. आपल्या पंचांगातल्याच, मेषेपासून मीनेपर्यंत! अशा दौतींना कड्या असत. त्यांतून दोरी ओवून दौत अडकवून नेता येई. आत रेशमाचा बोळा ठेवत, म्हणजे शाई सांडत नाही आणि बोरूला बेतानं लागते.

हुपरी आमच्याच तालुक्यात. तिथल्या एका वयस्क चांदी कारागिराला तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "डाक दिलेला दिसत नाही, मास्तर." बरोबर होतं. पितळेत चर पाडायचा, कडा आतून किंचित कापायच्या आणि चांदीचा पत्रा ठोकून बसवायचा. कडाच त्याला धरून ठेवतात. मग मी त्यांना हेरातच्या बादलीची गोष्ट सांगितली. ती ११६३ सालची, आता रशियात हर्मिटाज संग्रहालयात आहे. तिच्यावर ओतणाऱ्याचं आणि जडाव करणाऱ्याचं, अशी दोघांचीही नावं आहेत. ते थोडा वेळ गप्प बसले. "आमच्या पैंजणावर शिक्का पडतो तो व्यापाऱ्याचा," एवढंच म्हणाले.

अशा पुष्कळ दौतींवर अरबीत दुआ कोरलेली असते. त्यातले शब्द वाचताना मला हसू आलं. दौलत, सलामत... हे तर आपल्या आजीच्या तोंडचे! हे सगळं दौतीच्या मालकाला मिळो, असा त्याचा भाव. आणि मालक कोण? बऱ्याचदा नावच नसतं. दौत ज्याच्या हातात, दुआ त्याची.

कारागिरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक ठरायच्या आधीच केली असणार. आम्ही पैंजण करतो तशीच!"

विद्वानही तसंच मानतात. बाजारात मांडण्यासाठी घडवलेल्या वस्तूंवर नाव नसलेली दुआच सोयीची. त्यांच्यासाठी ते ग्रंथांतून शोधावं लागलं, हुपरीच्या कारागिराला मात्र लागलं नाही.

आमच्या दौतीवर कुलकर्ण्याचं नाव आहे, आणि ते मी काढलेलं नाही. बकरी ईदच्या आणि दिवाळीच्या आधी घरातली पितळ निघते, तेव्हा तीही चिंच लावून घासतो. अक्षरं उलट जास्तच उठून दिसतात.