सिकलसेल: नोंदीपासून गोळीपर्यंत

पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यात आंध, गोंड, कोलाम समाजाची वस्ती आहे आणि विदर्भातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. बोटातून थेंबभर रक्त घेऊन, ते द्रावणात मिसळून प्राथमिक चाचणी होते. मिश्रण गढूळ दिसले, तर पुढच्या तपासणीत वाहक कोण, रुग्ण कोण, हे पक्के ठरते. अशा नोंदी गावोगावहून एकत्र आल्या, की हायड्रॉक्सियुरिया हे औषध कोणत्या केंद्रावर किती लागेल, याचा नेमका हिशेब मांडता येतो.

आकड्यांनी दुखणे थांबते का, असे कोणी विचारेल. नाही थांबत. म्हणूनच किती जणांची तपासणी झाली यापेक्षा, या महिन्यात किती रुग्णांना औषध मिळाले आणि कोण यायचे थांबले, हे मोजायला हवे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नोंद फुटली, तर वाहक मुलीचे लग्न अडेल. वाहक सहसा निरोगीच असतो; दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही माहिती वाहकाच्या कुटुंबालाच, खासगीत मिळावी. नियोजनाला गावनिहाय बेरीज पुरते; नाव फक्त उपचार करणाऱ्यांपाशी राहावे.